सालात धरलेली दहावी

शुक्रवारी शेवटचा तास मला रिकामा होता, म्हणून मी शाळेची करिअर मार्गदर्शक झाले. यामागे दुसरं काही कारण नाही. मुख्याध्यापकांनी वेळापत्रकावरून बोट फिरवलं, ते माझ्या रिकाम्या चौकटीवर थांबलं, आणि पुढच्याच आठवड्यात मला जळगावला एका दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. मुलांना त्यांची स्वप्नं विचारत जा, असं तिथे आम्हाला सांगितलं. मग जेवण झालं. शेवभाजी होती आणि ती चांगली होती. निघताना प्रत्येकाला एक तक्ता मिळाला. त्यावर एक मोठं झाड, बुंध्यावर 'दहावी' असं लिहिलेलं, आणि फांद्यांवर डॉक्टर, वकील, वैमानिक, जहाजाचा कप्तान.

आमची शाळा चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. इथून समुद्र कुठल्या दिशेला आहे हे मी भूगोल शिकवते म्हणून मला माहीत. तरी तक्ता मी नववीच्या वर्गात लावला. अडचण एवढीच होती की ते झाड दहावीपासून वर वाढत होतं आणि आमची मुलं बुंध्यापर्यंत पोचायच्या आधीच गळत होती.

का गळत होती, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, पण तो शाळेचा विषय नाही असंही सगळ्यांना वाटत होतं. सातपुड्यापलीकडून, मध्य प्रदेशातून, कुटुंबंच्या कुटुंबं आमच्याकडे सालदारकीला येतात. सालदार म्हणजे वर्षभरासाठी शेतावर ठेवलेला गडी. त्याचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. शाळेचं वर्ष सुरू होतं जूनमध्ये. एप्रिलमध्ये परीक्षा देऊन गेलेलं मूल जूनमध्ये कोणत्या गावात असेल, हे मधल्या काळात कुणाच्या तरी ओट्यावर ठरतं. साल बदललं की बिऱ्हाड बदलतं, बिऱ्हाड बदललं की शाळा बदलते, आणि दाखला मागून यायचा तो येतो किंवा येत नाही. मुख्याध्यापक म्हणायचे, "मॅडम, आपलं काम गेटच्या आत." गेटच्या आत मुलं असती तर मलाही ते पटलं असतं.

त्या जूनमध्ये नववीत एक मुलगी नवीन आली. नाल्यापलीकडच्या शेतावर तिच्या वडिलांचं साल धरलेलं होतं. वर्गात सगळ्यांत उंच, वयानेही थोडी मोठी, कारण दाखल्याच्या घोळात तिचं एक वर्ष मागेच कुठेतरी राहून गेलं होतं. घरी त्यांची पावरी बोली, शेतावर खानदेशी, पुस्तकात मराठी. बोलायची ती खानदेशीत, लिहायची मराठीत आणि चिडली की पावरीत, त्यामुळे ती काय म्हणून चिडली ते आम्हाला कधी कळलं नाही. क्रीडा स्पर्धेत अनवाणी पळाली, कारण शाळेच्या पेटीतला एकही बूट तिच्या पायात शिरेना. पहिली आली. बक्षीस म्हणून तिला पाण्याची बाटली मिळाली.

माझ्या शुक्रवारच्या तासाला मी प्रशिक्षणात सांगितल्याप्रमाणे स्वप्नं विचारली. मुलगे सगळे पोलीस आणि सैन्य, मुली सगळ्या नर्स आणि पोलीस. एकाने कप्तान सांगितलं, पण तो क्रिकेटचा. ही मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, माले लाइट सोडनारी व्हनं शे."

वर्ग हसला. मी तक्त्याकडे पाहिलं. तशी फांदी नव्हती.

तास संपल्यावर मी तिला थांबवून नीट विचारलं. तिचं म्हणणं साधं होतं. शेतीपंपाची लाइट काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की वडील रात्री उठून पाणी भरायला जातात, मग दिवसा झोपतात आणि मालक ओरडतो. घरात जेवण कधी करायचं, पाणी कधी भरायचं, आई कधी झोपेल, सगळं त्या लाइटवर. ती लाइट सोडणारा माणूस सबस्टेशनमध्ये खुर्चीवर बसतो, हे तिने येता-जाता कुंपणाबाहेरून पाहिलं होतं. तिला त्या खुर्चीवर बसायचं होतं. आजवर मी ऐकलेल्या स्वप्नांपैकी हे एकच असं होतं ज्याचा पत्ता मुलीला माहीत होता. मला ती मुलगी तेव्हाच आवडली.

मी चौकशी केली. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स, तो चोपड्याला, एसटीने जाण्यासारखा, आणि त्याला दहावी पास लागते. पुढच्या शुक्रवारी मी तक्त्यावर पेनाने एक फांदी काढली आणि तिला ते समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"मॅडम, आखाजीनंतर आम्ही कोठे राहसूत?"

करिअर मार्गदर्शनाच्या प्रशिक्षणात हा प्रश्न नव्हता. मी म्हणाले, बघू. शिक्षकाला काही माहीत नसलं की तो बघू म्हणतो.

हिवाळ्यानंतर मी त्यांच्या शेतावर गेले. पंपाच्या खोलीला लागून पत्र्याची एक खोली, बाहेर चूल. मी शिक्षणाच्या महत्त्वावर बराच वेळ बोलले. वडील उकिडवे बसून, मान खाली घालून ऐकत होते. आईने बिनदुधाचा चहा दिला. माझं संपल्यावर वडील म्हणाले, "मॅडम, पोर हुशार शे, माले माहीत शे. पन साल मना हातमा नही." मग हळूहळू बाकीचं कळलं. या मालकाने जमीन दुसऱ्याला कसायला द्यायचं ठरवलं होतं, त्याला आता सालदार नको होता. जामनेरकडच्या एका शेतकऱ्याचा निरोप आला होता, माणूस बरा, पण शेत गावापासून लांब आणि तिथली शाळा सातवीपर्यंत. तिथे गेलं की मुलगी घरी बसणार, आणि घरी बसलेल्या मुलीसाठी सातपुड्यापलीकडच्या गावातल्या एका घरातून आधीच विचारणा झालेली होती. आईने हे सांगितलं तेव्हा मुलगी चुलीत काटक्या घालत होती. तिने वर पाहिलं नाही.

मला राग आला, पण कुणावर काढावा ते कळेना. म्हणून मी पालक मेळावा घेतला.

'दहावीनंतर पुढे काय' असा फलक लावला, खुर्च्या मांडल्या, तक्ता पुसून ठेवला. दिवस ठरवला तो आखाजीच्या आधीच्या आठवड्यातला. मी मूळची धुळ्याची, जन्मभर आखाज्या पाहिलेली, पण सुट्टी लागायच्या आत मेळावा उरकायचा एवढंच माझ्या डोक्यात. एक पालक आले. त्यांना बोनाफाइड हवं होतं. बाकीचे कुठे आहेत असं मी त्यांना विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. म्हणाले, सालं ठरताहेत मॅडम, आठवडाभर कुणी ओटा सोडणार नाही.

मी खुर्च्या आत ठेवल्या. मग शाळेला कुलूप लावलं आणि ओट्यावर गेले.

गावात आबांचा ओटा त्यासाठीच प्रसिद्ध. आबांची जमीन शाळेच्या मागेच, त्यांची मुलं माझ्या हाताखालून गेलेली, आणि त्यांचा जुना सालदार त्या वर्षी सोडून चाललेला. म्हणजे आबांना माणूस हवा होता आणि माझ्याकडे माणूस होता. मी त्यांना आधी एकटीने भेटून मुलीच्या वडिलांबद्दल सांगितलं. ते म्हणाले, माणूस चांगला आहे, ऐकून आहे, आखाजीला पाठवा. मी म्हणाले, मीही येते. ते म्हणाले, तुमचं काय काम? मी म्हणाले, मार्गदर्शन. आबांनी पुढे काही विचारलं नाही. सरकारी शब्द ऐकला की ते पुढे विचारत नाहीत.

आखाजीला मी दर वर्षी माहेरी धुळ्याला जाते. खापरावरची पुरणपोळी, आमरस, आणि वर्षभराच्या तक्रारी. त्या वर्षी, एका सालदाराचं ठरवायचं आहे म्हणून उशीर होईल, असं मी वहिनीला फोनवर सांगितलं. आमच्याकडे शेती नाही. वहिनीने माझ्या तब्येतीची चौकशी केली.

ओट्यावर आबा, दोन मध्यस्थ, खाली पायरीवर मुलीचे वडील, आणि कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर मी. सालाची एक रीत आहे. आधी पैशाचं ठरतं, ते मध्यस्थांमार्फत, कुजबुजत. मग वस्तू निघतात आणि त्या मोठ्याने. धान्य किती, कपड्याचे जोड किती, एक घोंगडी, एक टॉर्च, रात्री पाणी भरायला गमबुटाचा एक जोड. जे इथे मोठ्याने बोललं गेलं ते सालात धरलं. जे बोललं गेलं नाही ते वर्षभर कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही. कागद नसतो. कागद असलेले करार मोडलेले मी खूप पाहिले आहेत, हा मोडलेला पाहिला नाही.

घोंगडी झाली, टॉर्च झाली, बूट झाले. मी म्हणाले, "आणि पोरीची दहावी."

मध्यस्थ माझ्याकडे बघायला लागले. आबांनी मला मोठ्या सभ्यपणाने समजावलं की शाळेला त्यांची ना नाही, सरकारी शाळा आहे, ज्याला जायचं त्याने जावं. मी म्हणाले की तसं नाही. सालदाराबरोबर घरातले सगळे हात शेतावर येतात हे आम्हाला दोघांनाही माहीत आहे. निंदणीला, वेचणीला, घरात कुणी आजारी पडलं तर भांड्यांना मुलीलाच हाक जाते, आणि हाक गेली की बाप नाही म्हणू शकत नाही. ही हाक वर्षभर जाणार नाही, हे सालात धरायचं. आता मीही शाळेची भाषा सोडून दिली होती. मला स्वतःचाच आवाज बाजारात घासाघीस करणाऱ्या माझ्या काकूसारखा वाटत होता.

आबा म्हणाले, "मॅडम, शाळा काय बुटनी जोडी शे का, सालमा धराले?"

"तीच समजा, आबा."

आबा विचारात पडले. ते वाईट माणूस नव्हेत, हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे. पण ते व्यवहारी माणूस आहेत, आणि मी त्यांच्यासमोर व्यवहार ठेवला होता. एक वस्तू वाढली तर एक कमी व्हायला हवी. ते म्हणाले, "मंग बूट नहीत."

मी तोंड उघडणार, एवढ्यात पायरीवरून आवाज आला. तोवर तो माणूस एक शब्द बोलला नव्हता.

"बूट नको," मुलीचे वडील म्हणाले. "शाळा ऱ्हाऊ द्या."

ठरलं. आतून चहा आला. आमच्याकडे ठरल्याशिवाय चहा येत नाही. आबा चहा पिता पिता मध्यस्थांना म्हणाले, "आते बठ्ठा सालदार शाळा मांगतीन." ते तक्रारीच्या सुरात म्हणाले, पण पुढच्या वर्षी दोघांनी खरंच मागितली. त्यातल्या एकाला मिळाली. मी दुसऱ्या दिवशी धुळ्याला गेले, शिळी पुरणपोळी खाल्ली आणि सालदार ठरला का, या वहिनीच्या प्रश्नाला हो म्हणून सांगितलं.

मुलगी दहावीला बसली. आबांनी शब्द पाळला. वर्षभर तिला एकदाही हाक गेली नाही. एकदा त्यांच्या घरी लग्न होतं आणि भांड्यांचा ढीग पडला होता, तेव्हा आबांनी स्वतःच्या सुनेला सांगितलं की ती पोर सालात नाही. सुनेने ते मला शाळेच्या गेटवर येऊन सांगितलं, आणि त्यात माझं कौतुक नव्हतं. गणितात मुलगी काठावर सुटली, बाकी बरं. निकालाच्या आधीच आलेल्या आखाजीला साल पुन्हा आबांकडेच धरलं, शाळेच्या जागी आयटीआय आली आणि बुटाच्या जागी बूट आले नाहीत. शिकणं चालू आहे तोवर बूट बंद, हे आता सालाचं कलम झालं होतं.

आयटीआयला गणवेशाबरोबर सेफ्टी शूज सक्तीचे. चामड्याचे, जाड रबरी तळाचे, विजेचं काम करणाऱ्याने घालायचे. ते आमच्या मुख्याध्यापकांनी घेऊन दिले. हे कुठेतरी लिहा, असं त्यांनी मला सांगितलं आहे, म्हणून लिहिते. मुलींच्या मापात तिचा पाय बसेना, शेवटी पुरुषांचे घेतले. ते घालून ती शाळेत दाखवायला आली तेव्हा चालताना टाकटाक आवाज होत होता आणि नववीचा वर्ग पुन्हा हसला. यावेळी तीही हसली. मी तिला तक्त्यासमोर उभं केलं आणि मुलांना सांगितलं की ही पेनाची फांदी म्हणजे ही. तक्त्याचा मला झालेला हा पहिला उपयोग.

हिवाळ्यात मला आयटीआयच्या सरांचा फोन आला. पालक म्हणून तिथे माझा नंबर दिलेला होता, कारण वडिलांचा फोन बहुतेक वेळ बंद. सर वैतागलेले होते. म्हणाले, मॅडम, तुमची मुलगी कामाला चांगली आहे, पण तिच्या बुटाचं काहीतरी करा. काही दिवस बरे असतात आणि काही दिवस सकाळी बूट ओले, अगदी पिळून काढावेत असे. ओले बूट घालून विजेच्या पॅनलजवळ मी तिला उभं करू शकत नाही. दोनदा बाहेर बसवली. आणखी तसंच झालं तर प्रॅक्टिकलची हजेरी भरणार नाही आणि परीक्षेला बसता येणार नाही. तिला कारण विचारलं तर म्हणते, वाळले नाहीत.

मला कळलं. फोन ठेवायच्या आधीच कळलं. तरी मी संध्याकाळी शेतावर गेले आणि ओले दिवस कोणते ते तिला विचारलं. तिने सांगितलं नाही. तिच्या आईने सांगितलं. लाइट रात्रीची असते त्या आठवड्यात.

गव्हाचे दिवस होते. रात्री लाइट आली की बारे धरायचे, म्हणजे एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी वळवायचं, घोट्यापर्यंत चिखलात, थंडीत. मुलगी दिवसा जे बूट घालत होती तेच बाप रात्री घालत होता. मागितले त्याने नव्हते. तिनेच दाराशी काढून ठेवले होते, पहिल्याच रात्री, आणि तो न घालता जायला लागला तर ती दारात उभी राहिली होती.

मी वडिलांना म्हणाले, गमबूट काही फार महागाची वस्तू नाही, मी उद्या घेऊन येते. ते नको म्हणाले. स्वतः का घेत नाही असं विचारलं, तर तेही नाही. त्यांनी मला समजावलं आणि ते बरोबर होतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. सालात मिळायची वस्तू सालदार विकत घेत नाही. घेतली की पुढच्या आखाजीला मालक म्हणणार, याच्याकडे आहे. आणि मॅडमनी दिली तर म्हणणार, मॅडम देतात. मग ती वस्तू ओट्यावरून कायमची उठते, त्याच्यासाठी आणि गावातल्या सगळ्या सालदारांसाठी. पोरीचे बूट रात्रीपुरते घालणं हे विकत घेणं नव्हे. त्यात काही मोडत नव्हतं. फक्त पोरगी मोडत होती, आणि हे मी त्यांना बोलून दाखवलं. त्यांनी मान खाली घातली. मी तसं बोलायला नको होतं असं नाही, पण बोलून बरंही वाटलं नाही.

मी तिथून सरळ आबांच्या ओट्यावर गेले. आखाजी अजून लांब होती. साल अर्ध्यात असताना त्यात कुणी काही घालत नाही, आबांच्या बापाच्या काळापासून घातलेलं नाही. आबा अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते. मी मागायला गेले नव्हते. मी फक्त सांगितलं. सरांचा फोन सांगितला, बाहेर बसवलेलं सांगितलं, गव्हाचं पाणी सांगितलं. ते पाणी त्यांच्याच गव्हाचं होतं, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही. लाइट सोडणारी व्हायचंय तिला, हे मी शेवटी सांगितलं. ते त्यांना माहीत नव्हतं.

अडकित्ता थांबला. ते शेताकडे बघू लागले. बापाचे पाय त्यांनी सालात धरले नव्हते आणि पोरीचे तर कुणीच धरले नव्हते. मला वाटलं आता रीत सांगतील, आणि मी उत्तर तयार ठेवलं होतं, अगदी माझ्या काकूच्या आवाजात. त्यांनी आत वळून चहा टाकायला सांगितला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"पाय कितला नंबरना शे?"

"कुणाचा, आबा?"

"सालदारना."

तो मला माहीत नव्हता. मुलीचा माहीत होता, बूट घ्यायला तिच्याबरोबर दुकानात मीच गेले होते, हे आबांनाही ठाऊक होतं. मी तो सांगितला.

"हाई तं पोरना व्हयी," आबा म्हणाले.

"दोघांचा एकच आहे," मी म्हणाले.